पानांची भूक

मुलांनो, उर्दूमध्ये 'ख़त' म्हणजे काय? चिठ्ठी किंवा पत्र. मराठीतही हा अर्थ थोडा शिल्लक आहे. जमीन विकत घेतल्यावर जो कागद होतो, त्याला आपण 'खरेदीखत' म्हणतो. पण मराठीत नुसते 'खत' म्हटले, की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगळीच वस्तू येते. उर्दूत तिला 'खाद' म्हणतात. झाडाच्या वाढीसाठी आपण मातीत जे मिसळतो, ते खत. या पाठात आपण अशाच खताची माहिती घेणार आहोत. मात्र ते खत शेतातले नाही, कुंडीतले आहे.

धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातले एक जुने गाव आहे. चालुक्यांच्या काळातील केदारेश्वराचे कोरीव मंदिर आणि किल्ला यांमुळे ते ओळखले जाते. गावाच्या आसपास काळी जमीन आहे. कापूस, सोयाबीन, ज्वारी, तूर ही या भागातील पिके. येथे खताची ओळख लहान मुलांनाही असते. पावसाळा सुरू झाला, की खताची पोती घरी येतात आणि त्यांचा हिशोब पोत्यांतच होतो.

अशा घरांच्या अंगणातही आता शोभेची झाडे दिसतात. दाराशी रंगीबेरंगी क्रोटन असतो. खिडकीतून मनीप्लांटचा वेल खाली लोंबत असतो. कोठे कोलियस, कोठे सिंगोनियम, तर कोठे स्नेक प्लांट असतो. या झाडांकडून आपल्याला फळ नको असते, धान्य नको असते, फूलही नको असते. आपल्याला हवी असतात फक्त त्यांची सुंदर, ताजी पाने. म्हणून त्यांना शोभेची पानांची झाडे म्हणतात.

मग एक दिवस अशा झाडाचे एखादे पान पिवळे पडते. घरातले कोणी तरी म्हणते, "त्याला खत घाला." पोते घरात असतेच. पोत्यातला मूठभर युरिया कुंडीत पडतो. चार-आठ दिवसांत पानांच्या कडा करपतात, देठ माना टाकतात आणि झाड मरते. "खत घातले तरी झाड जगले नाही," असे सगळे म्हणतात. खरे तर झाड खतामुळेच मेलेले असते. असे का होते? ते समजण्यासाठी आधी एक गैरसमज दूर करू.

खत म्हणजे झाडाचे जेवण नव्हे

आपण सहज म्हणतो, की खत हे झाडाचे अन्न आहे. पण झाड आपले अन्न स्वतः तयार करते. त्याची पाने हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात, मुळे मातीतून पाणी घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने पानांत साखर तयार होते. झाडाची भाकरी ती हीच. मग खत कशाला? भाकरीच्या पिठात मीठ लागते ना, तसे. मीठ चिमूटभरच लागते. ते नसेल तर चव येत नाही आणि मूठभर पडले तर भाकरी फेकून द्यावी लागते.

झाडाला एकूण १७ मूलद्रव्ये लागतात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही ३ हवा आणि पाणी यांतून मिळतात. बाकीची १४ मुळांवाटे मातीतून येतात. या चौदांपैकी तीन द्रव्ये झाडाला सर्वांत जास्त लागतात. मराठीत त्यांना नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणतात. उर्दूच्या पुस्तकांत तुम्ही त्यांची नावे नाइट्रोजन, फॉस्फोरस आणि पोटॅश अशी वाचली असतील.

नत्रामुळे पाने वाढतात आणि हिरवी होतात. पानांतील हिरव्या रंगाच्या द्रव्याला हरितद्रव्य म्हणतात. नत्राशिवाय ते तयारच होत नाही. स्फुरदामुळे मुळे जोमाने वाढतात. पालाशामुळे झाड कणखर बनते आणि पाण्याचा वापर नीट करते. फुलझाडे व फळझाडे यांना फूल येताना स्फुरद आणि पालाश जास्त लागतात. पानांच्या झाडांची मोठी गरज मात्र नत्राची असते. म्हणून खत योग्य मिळाले, की सर्वांत आधी फरक पानांत दिसतो. नवी पाने लवकर येतात, ती आकाराने मोठी असतात आणि त्यांचा रंग गडद असतो.

पण एकटे नत्र पुरत नाही. लाकडी पट्ट्यांचे एक पिंप डोळ्यांसमोर आणा. त्याची एक पट्टी आखूड असेल, तर पिंपात पाणी त्या आखूड पट्टीपर्यंतच राहील. बाकीच्या पट्ट्या कितीही उंच केल्या तरी उपयोग नाही. झाडाचेही असेच असते. जे द्रव्य सर्वांत कमी, त्याच्यावर वाढ अडते. हा नियम कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो जगभर पोहोचवला. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या झाडाची आखूड पट्टी उजेडाची असते. तेथे खत ओतून काय होणार?

खताचा थोडा इतिहास

खत वापरणे ही माणसाची फार जुनी कला आहे. बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल या शहरात इब्न अल-अव्वाम नावाचे विद्वान होऊन गेले. अरबीत त्या शहराला इश्बीलिया म्हणत. त्यांनी 'किताब अल-फिलाहा' हा शेतीवरील मोठा अरबी ग्रंथ लिहिला. त्यात जमीन, खते, पाणी आणि कलमे यांची माहिती आहे. त्या काळी खत म्हणजे शेण, लेंड्या, राख आणि कुजलेला पाला.

हवेतील नत्रापासून कारखान्यात खत बनवणे विसाव्या शतकात सुरू झाले. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते, पण झाडाला ते हवेतून सरळ घेता येत नाही. जर्मनीतील फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती रीत कारखान्यात आणली आणि १९१३ साली असा पहिला कारखाना सुरू झाला. आजचा युरिया अशा अमोनियापासूनच बनतो. आपल्या राज्यात मुंबईत तुर्भे येथे, ज्याला ट्रॉम्बे असेही म्हणतात, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीचा कारखाना आहे. तिचे 'सुफला' हे खत शेतकऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहे.

सुफलाच्या पोत्यावर १५:१५:१५ असे आकडे असतात. तुम्ही ते पाहिले असतील. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशाचा. म्हणजे १०० किलो खतात प्रत्येकाचे प्रमाण १५ किलो. युरियात फक्त नत्र असते आणि तेही ४६ टक्के. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते.

आता एक गणित करू. शीग भरलेल्या चहाच्या एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम युरिया मावतो. त्यात नत्र किती? ५ ग्रॅमचे ४६ टक्के, म्हणजे २.३ ग्रॅम. एवढेच नत्र शेणखतातून द्यायचे, तर किती शेणखत लागेल? ४६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो! सहा इंची कुंडीत माती असते साधारण दोन किलो. तिच्यात एक चमचा युरिया टाकला, की अर्धा किलो शेणखताचे नत्र एका क्षणात येऊन पडते. शिवाय शेणखतातले नत्र हळूहळू, काही महिन्यांत सुटते. युरिया मात्र लगेच पाण्यात विरघळतो. आता मूठभर युरिया म्हणजे काय, याचा विचार तुम्हीच करा.

जास्त खताने झाड का जळते?

याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. काकडीच्या चकत्या करा आणि त्यांवर मीठ भुरभुरा. पाच-दहा मिनिटांत ताटलीत पाणी सुटलेले दिसेल आणि चकत्या मऊ पडतील. हे पाणी आले कोठून? काकडीच्या आतून. बाहेर मीठ जास्त झाले, म्हणून आतले पाणी बाहेर ओढले गेले. कैरीच्या लोणच्याला पाणी सुटते, तेही असेच.

रासायनिक खते हेही एक प्रकारचे क्षारच. कुंडीत खत जास्त झाले, की मुळांभोवतीचे पाणी खारट होते. मग मुळांना पाणी शोषून घेता येत नाही. उलट मुळांतलेच पाणी बाहेर जाऊ लागते. माती ओली दिसते, पण झाड तहानेने मरत असते. पानांची टोके आणि कडा आधी तपकिरी होतात, कारण पाण्याच्या वाटेवर त्या सर्वांत शेवटी असतात. यालाच आपण 'झाड जळले' असे म्हणतो.

शेतातल्या झाडाला थोडी तरी सोय असते. त्याची मुळे खोल जातात, बाजूला पसरतात. मोठा पाऊस आला, की जास्तीचे क्षार खाली वाहून जातात. कुंडीतल्या झाडाला पळायला जागा नाही. चार बोटांच्या अंतरावर भिंत आहे. म्हणून शेताचा हिशोब कुंडीला लावू नये.

धर्मापुरीसारख्या गावात आणखी एक अडचण आहे. या भागात अनेक ठिकाणी विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात क्षार आधीच असतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमलेला तुम्ही पाहिला असेल. तो या क्षारांचाच थर. त्यात खताची भर पडली, की मुळांवरचे ओझे वाढते.

जास्त झालेले खत काढायचे कसे? त्याला उपाय एकच, पाणी. कुंडीत जेवढी माती असेल, तिच्या निदान दुप्पट मापाचे साधे पाणी हळूहळू ओतावे आणि ते तळाच्या छिद्रातून पूर्ण वाहून जाऊ द्यावे. पण मुलांनो, मे महिन्यात मराठवाड्यात असे बादलीभर पाणी कोठून आणणार? ज्या दिवसांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्या दिवसांत कुंडी धुण्यासाठी पाणी मागायचे कोणत्या तोंडाने? म्हणून आपल्या भागात खताचे माप सांभाळणे ही केवळ हौसेची गोष्ट नाही. जो खत जपून वापरतो, तो पाणीही वाचवतो.

पाने वाचायला शिका

झाडाला बोलता येत नाही, पण ते आपली अडचण पानांवर लिहून ठेवते. हा त्याचा उर्दूतला 'ख़त' समजा. तो नीट वाचावा आणि मगच मराठीतले खत द्यावे!

खालची, जुनी पाने सगळी फिकट पिवळी होत असतील आणि नवी पाने लहान येत असतील, तर नत्र कमी असण्याची शक्यता आहे. नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते. घरातल्या मोठ्या माणसांनी आपल्या ताटातले मुलांना वाढावे, तसे हे आहे.

नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडत असते. आपल्या काळ्या मातीत अनेक ठिकाणी चुनखडी असते. अशा मातीत लोह असले तरी मुळांना ते सहज घेता येत नाही. येथे युरिया घालून काहीच होत नाही. माती बदलावी, तिच्यात कुजलेले खत मिसळावे.

जुन्या पानांच्या कडाच करपल्या असतील, तर पालाश कमी असू शकते, किंवा खत जास्त झालेले असू शकते. अशा वेळी कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का, ते आधी पाहावे. थर असेल तर खत बंद करावे.

सगळे झाड मलूल आणि पिवळे झाले असेल, माती चिकट व सतत ओली असेल, तर दोष पाण्याचा आहे. मुळे कुजत आहेत. आजारी झाडाला खत देणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला मेजवानी देणे. आधी मूळ दुखणे दूर करावे.

रंगीत पानांची गोष्ट थोडी निराळी आहे. कोलियसला नत्र फार दिले, की झाड भराभर वाढते, पण पानांचे रंग फिके पडतात आणि हिरवटपणा वाढतो. क्रोटनला रंग हवा असेल, तर त्याला खतापेक्षा उजेडाची गरज जास्त असते. मनीप्लांट हा मूळचा पॅसिफिक महासागरातील एका बेटावरच्या दमट जंगलातला वेल. तेथे त्याला खत कोण घालते? गळून कुजलेल्या पानांवरच तो वाढतो. त्यामुळे थोड्याशा खतावरही तो समाधानी असतो.

किती द्यावे, केव्हा द्यावे?

सुरुवात मातीपासून करावी. नुसती काळी माती कुंडीत भरू नये. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. ताजे शेण कधीही घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होते आणि मुळे भाजतात.

आठ इंची कुंडीला दर तीन महिन्यांनी एक मूठ कुजलेले शेणखत पुरते. रासायनिक खत द्यायचेच असेल, तर पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ हे खत एका लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात घ्यावे आणि पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. माती आधी साध्या पाण्याने ओली करावी, मग खताचे पाणी घालावे. कोरड्या मातीत खत देऊ नये.

आपल्या हवामानात जून ते ऑक्टोबर हा पानांच्या वाढीचा काळ. खत याच दिवसांत द्यावे. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा ते महिन्यातून एकदाच किंवा मुळीच देऊ नये. फेब्रुवारीत नवी पाने फुटू लागली, की पुन्हा थोडे द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा खत पूर्ण बंद ठेवावे. त्या दिवसांत झाडाला फक्त सावली आणि पाणी द्यावे. रोपवाटिकेतून नुकतेच आणलेले रोप असेल, तर त्यालाही महिनाभर खत देऊ नये.

करून पाहा

वर्गातील सर्वांनी मिळून एक प्रयोग करा. मनीप्लांटच्या एकाच वेलाच्या, सारख्या लांबीच्या नऊ फांद्या घ्या. त्या पाण्यात ठेवून मुळे फुटू द्या. मग सारख्या आकाराच्या नऊ कुंड्यांत एकच माती भरून लावा आणि एक महिना नुसते पाणी द्या. त्यानंतर तीन-तीन कुंड्यांचे गट करा.

'अ' गटाला फक्त साधे पाणी द्या. 'ब' गटासाठी ५ ग्रॅम १९:१९:१९ खत ५ लिटर पाण्यात विरघळवा. 'क' गटासाठी तेच ५ ग्रॅम खत फक्त १ लिटर पाण्यात विरघळवा. दर पंधरा दिवसांनी 'ब' आणि 'क' गटांतील प्रत्येक कुंडीला आपापले खताचे पाणी अर्धा पेला द्या. त्याच दिवशी 'अ' गटाला अर्धा पेला साधे पाणी द्या. इतर दिवशी सर्वांना सारखेच पाणी द्या. सर्व कुंड्या एकाच जागी, सारख्या उजेडात ठेवा.

दर आठवड्याला नवी पाने मोजा. सर्वांत मोठ्या पानाची लांबी पट्टीने मोजून वहीत लिहा. पानांच्या कडा पाहा. दोन महिन्यांनी तिन्ही गटांची तुलना करा. प्रत्येक गटात तीन कुंड्या का घेतल्या, ते सांगता येईल? एखादी फांदी मुळातच कमजोर असू शकते. एकाच कुंडीवरून निर्णय घेतला, तर आपण फसू.

प्रयोग करताना काही गोष्टी लक्षात ठेवा. खत कधीही स्वयंपाकाच्या डब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. मनीप्लांट, डिफेनबेकिया यांसारख्या झाडांचा चीक तोंडात गेला, तर जीभ व घसा सुजतो. लहान भावंडांना त्यांपासून दूर ठेवा. उरलेले खताचे पाणी विहिरीजवळ किंवा हातपंपाजवळ ओतू नका. खतातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते आणि ते झिरपत पिण्याच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या एका लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते. असे पाणी तान्ह्या बाळांना विशेष घातक ठरते.

परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे आहे. आधी माती तपासा आणि मग खत द्या, असा सल्ला कृषी विद्यापीठे शेतकऱ्यांना देतात. एकरभर शेताला जे लागू, तेच वीतभर कुंडीलाही लागू आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी शेती सांभाळेल, कोणी रोपवाटिका काढेल. तेव्हा पोत्याचे तोंड उघडण्यापूर्वी पान पाहण्याची सवय तुमच्या उपयोगी पडेल. ती सवय आजच, एका कुंडीपासून लावून घ्या.

स्वाध्याय

१. मराठीतील 'खत' आणि उर्दूतील 'ख़त' यांच्या अर्थांतील फरक सांगा.
२. खताची तुलना भाकरीतल्या मिठाशी का केली आहे?
३. काकडीला मीठ लावल्यावर पाणी का सुटते? त्यावरून झाड का जळते, ते लिहा.
४. कारण सांगा : मराठवाड्यात जो खत जपून वापरतो, तो पाणीही वाचवतो.
५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एका झाडाची पाने पाहा आणि ते झाड काय सांगत आहे, ते पाच वाक्यांत लिहा.